वेंगाटोल्यातली रंगीत तालीम

सेवेची हाक माणसाला बारा महिने येत असते, पण मे महिन्यात ती जास्त स्पष्ट ऐकू येते. त्यातही ज्या गावात मे महिन्यात पारा सत्तेचाळीसवर जातो आणि कोळशाची धूळ घामाला चिकटून नवरा बायकोला ओळखू येत नाही, तिथे ही हाक हमखास थंड हवेच्या दिशेने येते. आमच्या माजरीच्या ख्रिस्ती मंडळीला गेल्या उन्हाळ्यात अशीच हाक आली. ती पूर्व आफ्रिकेतल्या एका डोंगराळ देशातून आली आणि तिथे जूनमध्ये स्वेटर लागतो, हे पाळकसाहेबांनी उपासनेतच जाहीर केलं. (देशाचं नाव मुद्दाम देत नाही. शेजारच्या तालुक्यातल्या मंडळीच्या कानावर गेलं तर त्यांनाही तिथूनच हाक येईल.)

याआधी आम्ही सेवा करत नव्हतो असं नाही. दर नाताळात आम्ही दवाखान्यात केळी वाटायचो. पण केळं खाऊन झालं की रुग्ण आपल्याला विसरतो आणि साल आपल्यालाच उचलावी लागते, असा मंडळीचा वर्षानुवर्षांचा अनुभव आहे. शिवाय ती शेजारची मंडळी मागच्या वर्षी नेपाळला जाऊन आली होती आणि त्यांच्या पाळकांच्या स्टेटसवर बर्फ होता. बर्फापुढे केळं टिकत नाही.

परदेशी सेवेसाठी अर्ज मागवले. बहुतेक अर्जदारांना हाक सोमवारी सकाळी आली, म्हणजे तिकिटाचा भार मंडळी उचलणार असं रविवारी जाहीर झाल्यानंतर. काहींना ती आधीच येऊन गेली होती, पण त्यांच्याकडे पासपोर्ट नव्हता. अखेर पाच जणांची निवड झाली. पाळक आदेशसाहेब, कारण ते पाळक. गुणवंतराव, कारण त्यांनी निवड केली. खदानीत फिटर असलेला चंदन, कारण पेट्या कुणीतरी उचलायला हव्यात. मी, मंडळीचा प्रसिद्धी-प्रमुख, कारण फोटोत मी नसतो. आणि करिष्मा, भद्रावतीच्या एका खाजगी दवाखान्यातली नर्स, कारण तिकडच्या संस्थेने एक तरी कामाचा माणूस पाठवा असं कळवलं होतं.

करिष्माच्या सात पिढ्यांत पासपोर्ट निघालेली ती पहिली. तिचे वडील डंपर चालवतात. पासपोर्ट आला त्या रविवारी त्यांनी तो उपासनेनंतर सगळ्यांना हातात घेऊन बघू दिला, फक्त आधी हात धुवायला लावले.

आता गुणवंतरावांविषयी. हे खदानीच्या सुरक्षा विभागातून निवृत्त झाले. उभं आयुष्य त्यांनी मॉक ड्रिल घेण्यात घालवलं. ज्यांना खदानीची सवय नाही त्यांच्यासाठी सांगतो : भोंगा वाजतो, एक धडधाकट कामगार छातीवर ‘जखमी’ अशी चिठ्ठी लावून आडवा पडतो, बाकीचे त्याला स्ट्रेचरवर घालून पळत वर आणतात, शिट्टी होते, जखमी उठतो, चिठ्ठी परत करतो आणि समोसा खायला जातो. यातली मुख्य गोष्ट म्हणजे ड्रिल संपल्यावर सगळं जसं होतं तसं करून ठेवायचं. ड्रिलमध्ये कुणी खरोखर वाचला तर ते ड्रिल फसलं. कारण खरोखर वाचला म्हणजे खरोखर मरत होता, आणि मग ते ड्रिल राहत नाही. गुणवंतरावांच्या एवढ्या वर्षांच्या नोकरीत त्यांच्या ड्रिलमध्ये एकही माणूस खरोखर वाचला नाही. निरोप समारंभात साहेबांनी याचा खास उल्लेख केला होता.

असा माणूस परदेशी सेवेचा प्रमुख झाल्यावर सरावाशिवाय विमानात बसणं शक्यच नव्हतं. ‘‘ज्याचं ड्रिल नाई झालं ते काम नाई होत भाऊ,’’ गुणवंतराव पहिल्याच बैठकीत म्हणाले. ‘‘तिकडं जाऊन एकदम सेवा केली अन् काही इकडचं तिकडं झालं, तर? आपली इज्जत, देशाची इज्जत. पहिले इथी करून पाहू.’’ तिकडच्या संस्थेनेही किमान एक पूर्ण रंगीत तालीम झाल्याचा दाखला मागितला होता, त्यामुळे बैठकीत कुणी वाद घातला नाही.

सरावाला गाव हवं होतं. संस्थेने तिकडच्या गावाचे फोटो पाठवले होते : झोपड्या, डोक्यावर पाणी नेणाऱ्या बाया, पूल नसलेला नाला, आणि मागे जंगल. असं गाव भारतात सापडणं कठीण, असं पाळकसाहेबांचं मत होतं. चंदन म्हणाला, भामरागडच्या पुढं अशा गावांची लाइनच आहे. आम्ही जाऊन पाहिलं. वेंगाटोला नावाचा पाडा फोटोंशी जवळजवळ नव्वद टक्के जुळला. जे दहा टक्के कमी पडत होते त्यात मुख्यतः जिराफ होता.

वेंगाटोल्याचे लोक माडिया आदिवासी. ते आपल्या देवांचं मानतात आणि मोहाच्या झाडाखाली त्यांचं देवस्थान आहे. सरावात कुणाचाही धर्म बदलायचा नाही असं आम्ही आधीच ठरवलं, कारण संध्याकाळी तो परत जसाच्या तसा करून द्यावा लागला असता. गावात मराठी बोलणारा माणूस लालसू. तेंदूपत्त्याच्या हंगामात ठेकेदारांशी बोलून बोलून त्याची मराठी तयार झाली होती, त्यामुळे कोण काय देतो आहे यापेक्षा तो काय परत नेईल याकडे त्याचं जास्त लक्ष असायचं. आम्हाला पाहून त्याने एवढंच विचारलं, ‘‘तुमी सरकारचे का कंपनीचे?’’ आम्ही देवाचे, असं पाळकसाहेब म्हणाले. लालसू म्हणाला, ‘‘बरं, बसा.’’

सराव सुरू झाला. दर शनिवारी पहाटे चंदन जीप काढायचा, आलापल्लीला चहा व्हायचा, आणि ऊन चढल्यावर आम्ही वेंगाटोल्यात सेवेला उतरायचो. काय काय केलं ते थोडक्यात देतो, सगळं दिलं तर आत्मप्रौढी वाटेल.

घोंगडी वाटली. मे महिना असल्याने लोकांनी ती अंगाभोवती घेताना थोडी कुरकुर केली, पण तिकडे थंडी आहे हे लालसूने समजावल्यावर घेतली. फोटो झाले आणि घोंगडी घड्या घालून परत घेतली. मूल उचलण्याचा सराव केला. (परदेशी सेवेत मूल डाव्या कडेवर घ्यायचं असतं, उजवा हात फोटोत हलवायला मोकळा लागतो.) तिसऱ्या शनिवारपर्यंत जीप दिसली की गावातली पोरं स्वतःहून हात वर करून रांगेत उभी राहायला लागली, आणि एक म्हातारीही. शाळेची भिंत रंगवली आणि रंग ओला आहे तोवर पुसून काढली, म्हणजे पुढच्या शनिवारी पुन्हा रंगवता येईल.

हातपंपाचं जरा नाजूक झालं. गावाचा हातपंप आतलं वायसर, म्हणजे वॉशरची एक चकती, झिजून गेल्यामुळे वर्षभर बंद होता आणि बाया नाल्यातून पाणी आणायच्या. चंदनने वायसर घातलं, दांडा मारला, पाणी आलं. बाया हसल्या, पोरं पाण्याखाली गेली. मग गुणवंतरावांनी शिट्टी दिली आणि चंदनला वायसर काढायला सांगितलं.

‘‘राहू देऊ ना भाऊ,’’ चंदन म्हणाला. ‘‘खिशातलंच आहे माह्या.’’

‘‘अन् पुढल्या शनिवारी काय दुरुस्त करशील, चालू पंप?’’

चंदनने वायसर काढलं. जीपमध्ये बसल्यावर ते त्याने गुणवंतरावांच्या हातात दिलं आणि आलापल्लीपर्यंत एक शब्द बोलला नाही. त्याला गाडी चालवून पित्त होतं, असा आम्ही अर्थ काढला.

पण सरावाचा खरा मुकुटमणी म्हणजे रुग्ण वाहून नेणे. संस्थेच्या पत्रात तो वेगळ्या ठळक अक्षरात होता. त्यासाठी गावात रुग्ण हवा होता आणि वेंगाटोल्याचे लोक या बाबतीत निराशाजनक निघाले. अशक्त सगळे होते, पण आडवं पडायला कुणाला वेळ नव्हता. शेवटी लालसूची बायको बुधरी मिळाली. तिला दिवस गेलेले होते, पोट चांगलं वर आलेलं होतं, फोटोत लांबूनही कळत होतं. पाऊस लागताना ती बाळंत होणार होती.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. भामरागडकडे पाऊस लागला की नदी पुलावर येते आणि नाले गावांना धरून बसतात. मागच्या पावसात लालसू-बुधरीचं एक बाळ गेलं होतं. लालसूने हे आम्हाला खाटेला दोर बांधता बांधता सांगितलं. ‘‘आडवं आलं होतं. मी नाल्यापर्यंत नेली तिले. नाला उतरत नव्हता. तिथीच बसलो.’’ त्याने शेवटची गाठ आवळली, आणि गुणवंतरावांनी दोर नीट बांधल्याबद्दल त्याला शाबासकी दिली.

पहिल्या सरावात बुधरीला खाटेवर घातलं. खाट बांबूला टांगली, चौघांनी खांदा दिला, नाला ओलांडला, तिकडे जीप उभी होती. जीपने थेट भामरागडच्या दवाखान्याच्या फाटकापर्यंत गेलो. बुधरी पदराखाली एक गाठोडं घेऊन बसली होती. त्यात जुन्या लुगड्याचे धुतलेले तुकडे होते, बाळासाठी. करिष्माने ते पाहिलं. गुणवंतरावांनी घड्याळ पाहिलं, शिट्टी दिली, जीप वळली.

बुधरी लालसूला माडियात काहीतरी म्हणाली. लालसू म्हणाला, ‘‘वापस काऊन चालले, दादा?’’

‘‘सराव होता ना हा.’’

‘‘मंग खरं कधी?’’

‘‘खरं तिकडं. परदेशात.’’

लालसूने विचारलं, ‘‘म्हणजे तिले परदेशात नेता?’’ गुणवंतराव हसले. पाळकसाहेबांना तो प्रसंग इतका आवडला की रविवारी उपदेशात त्यांनी तो निरागस श्रद्धेचा नमुना म्हणून सांगितला.

दुसऱ्या सरावात हेच झालं, फक्त फाटकापाशी बुधरी स्वतःहून उतरायला लागली. एक पाय खाली टेकलाही होता. तिला समजावून वर घ्यावं लागलं, कारण रुग्ण मध्येच बरा व्हायला निघाला तर सराव पूर्ण धरत नाहीत. करिष्मा म्हणाली, ‘‘भाऊ, आलोच आहो तर भरती करून देऊ ना. दिवस भरत आले तिचे.’’ पण गावी परतायचं तर बुधरीलाही परत न्यायला हवं, नाहीतर परतीच्या फोटोत खाट रिकामी दिसली असती.

मध्यंतरी आशाताई, म्हणजे सरकारी योजनेतल्या आरोग्य स्वयंसेविका, वेंगाटोल्यात आल्या होत्या. पाऊस लागायच्या आत बुधरीला दवाखान्याजवळ नेऊन ठेवायचं, असं त्यांचं म्हणणं. गुणवंतरावांनी त्यांना हात जोडून विनंती केली की अंतिम तालमीपर्यंत आमचा रुग्ण हलवू नये. अंतिम तालमीत जीप नाल्यापर्यंत येणारच आहे. तेव्हा बुधरीने दवाखान्यापाशी खुशाल उतरावं, मंडळीची हरकत नाही. लालसूला ते पटलं. एवढं पोट घेऊन बायकोला पायी न्यायची, त्यापेक्षा दारातून खाट आणि पुढे जीप. तो म्हणाला, ‘‘पण दादा, पाण्याच्या आधी या.’’

अंतिम तालीम येत्याच शनिवारी होणार होती. पण त्या शनिवारी मंडळीत आमचा निरोप समारंभ निघाला. पुढच्या शनिवारी व्हिसाच्या मुलाखतीला जायचं होतं, आणि नंतर टी-शर्ट आले त्यावर पाळकसाहेबांच्या नावात चूक होती, ते बदलून आणायला एक शनिवार गेला. कामाला उशीर होतो, पण चुकीच्या नावाने सेवा करणं बरं दिसत नाही. या काळात करिष्मा रोज संध्याकाळी आभाळाकडे बघायची. तिला निघायची घाई झाली आहे, असं आम्ही म्हणायचो.

मग एकदाची तालीम ठरली. आम्ही पाचही जण नव्या टी-शर्टात निघालो. आलापल्लीच्या पुढे आभाळ काळं झालं होतं. वेंगाटोल्याच्या नाल्याला पोटरीपर्यंत गढूळ पाणी होतं, आणि अलीकडच्या काठावर लालसू उभा होता. तो आम्हाला पाहून धावत आला. ‘‘सकाळपासून दुखून राह्यलं तिचं. चाला.’’

ती तालीम मी कधी विसरणार नाही. तसं दृश्य पुन्हा मिळणं कठीण. बुधरी खाटेवर वाकडी होत होती, दोन्ही हातांनी बांबू धरून ‘‘यायो, यायो’’ करून आईला हाका मारत होती. नाल्यात पाणी गुडघ्याला आलं होतं आणि लालसूचे दोन भाऊबंद खाट डोक्यावर धरून चालत होते. गुणवंतराव भारावले. ‘‘वा! आता बरोबर करून राह्यली,’’ ते म्हणाले. ‘‘पहिल्या दोन टाइमले असं काऊन नाई केलं?’’

जीपमध्ये करिष्मा बुधरीच्या पायाशी बसली. तिने पदर बाजूला करून पाहिलं आणि तिचा चेहराच उतरला. ‘‘भाऊ, पाणी गेलं तिचं. हे ड्रिल नाई.’’

‘‘ड्रिलच आहे. घाबरू नको तू.’’

जीप दवाखान्याच्या फाटकाशी आली. बुधरीने डोळे मिटून गाठोडं छातीशी धरलं होतं. मी फोटो घेतला. गुणवंतरावांनी घड्याळ पाहिलं, आणि सांगायला अभिमान वाटतो, अशा वेळीही सवयीप्रमाणे त्यांचा हात शिट्टीकडे गेला. शिट्टी झाली. चंदनने गिअर टाकला.

करिष्माने पुढे वाकून किल्ली फिरवली आणि काढून घेतली.

‘‘दे ती,’’ गुणवंतराव म्हणाले.

‘‘नाई देत.’’

‘‘करिष्मा, ऐक. तिले उतरू द्याचं ठरलं होतं, पण बिनाकळांचं. सरावात खरं काही झालं तर तो सराव नाई राह्यत. ॲक्सिडेंट होते. मंग दाखला नाई भेटत. तुह्या बापानं पासपोर्ट साऱ्या कॉलनीले दाखवला ना? डोकं वापर.’’

त्यांचं म्हणणं शंभर टक्के बरोबर होतं. करिष्मानेही ते खोडून काढलं नाही. ती म्हणाली, ‘‘माहीत आहे मले,’’ आणि किल्ली ड्रेसच्या खिशात टाकून खाली उतरली. लालसू मागून आला. दोघांनी बुधरीला उतरवलं. चंदन स्टिअरिंगवर हात ठेवून बसला होता, तोही उतरला आणि पुढे पळत जाऊन फाटक उघडायला लागला. गुणवंतराव शिट्टी वाजवत राहिले. एवढी शिट्टी वाजल्यावर खदानीत एकूण एक माणूस जागेवर परतला असता. इथे एकानेही मागे वळून पाहिलं नाही.

दुपारी मुलगी झाली. आडवी आली होती, पण या वेळी बुधरी दवाखान्यात होती. संध्याकाळी नदी पुलावर आली आणि रस्ता बंद झाला. करिष्माने किल्ली परत दिल्यावर आम्ही जेमतेम त्याआधी निघालो होतो. खाट आम्ही अलीकडच्या काठावर सोडली, कारण पलीकडे न्यायला नाला उतरत नव्हता. खरं सांगायचं तर ती मुलगी रडल्याचं कळलं तेव्हा मला फार बरं वाटलं. इतकं की मी फाटकाशी उभा राहून नाक शिंकरत होतो. पण अहवालात ते घेता आलं नाही.

अहवालात काय लिहायचं हा प्रश्नच होता. तालमीचा उद्देश रुग्णाला वाहून नेणे हा होता, वाचवणे हा नव्हे. गुणवंतरावांनी लाल शाईने ‘खऱ्या सुटकेमुळे तालीम अपयशी’ असा शेरा मारला. इतक्या वर्षांत हा त्यांचा पहिला कलंक, आणि ते दोन दिवस जेवले नाहीत. संस्थेने दाखला नाकारला आणि दौरा पुढच्या उन्हाळ्यावर गेला. करिष्माचं नाव यादीतून कमी झालं. पासपोर्ट तिच्या वडिलांनी कपाटात कपड्यांखाली ठेवला आहे. त्यांनी तिला एका शब्दाने बोल लावला नाही, एवढं मात्र मी स्वतः पाहिलं.

मंडळी कृतघ्न नाही. पुढच्या रविवारी करिष्माला पुढे बोलावलं. पाळकसाहेब दयेवर फार सुंदर बोलले. बायांनी तिला मिठ्या मारल्या, पुरुषांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या, मंडळीतल्या तेलुगू भाषिकांच्या गटाने दोन भजनं गायली. अर्ध्या मंडळीच्या डोळ्यांत पाणी होतं. करिष्माने एवढंच सांगितलं की बुधरीला घरी न्यायला पाऊस उघडल्यावर एक गाडी लागेल आणि पंपाचं वायसर कुणी घेऊन जाईल तर बरं. सगळ्यांनी आमेन म्हटलं. उपासना संपल्यावर लोक तिच्याभोवती गर्दी करतील असं वाटलं होतं, पण गर्दी माझ्याभोवती झाली. तिची जागा रिकामी झाली होती ना, आणि अर्ज माझ्याकडे द्यायचे होते. ज्यांनी ज्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या त्या झाडून सगळ्यांनी त्या जागेसाठी अर्ज दिला.

शेवटी पाऊस उघडल्यावर करिष्मा आणि चंदन एसटीने भामरागडला गेले. त्याचे फोटो नाहीत.

जागा अजून भरलेली नाही. म्हणूनच हा सगळा मजकूर मी प्रसिद्धीला दिला. मंडळीबाहेरच्या वाचकांनीही अर्ज करावेत, जात-धर्माची अट नाही. बुधरीला फाटकापासून दोनदा परत नेलं तिथे ज्यांना राग आला, त्यांचा विचार होईल. मुलगी झाली तिथे ज्यांचे डोळे भरले, त्यांचा आधी होईल. आणि ज्यांना राग आला, डोळेही भरले, पण त्या पंपाला आज वायसर आहे की नाही हे विचारावंसं वाटलं नाही, त्यांनी बॅग भरायला घ्यावी. त्यांना सरावाला जंगलात नेण्याची काही गरज दिसत नाही.